केंदाळ, काळा गूळ आणि सुशीची सोयरीक

आमच्या घराण्यात आजवर दारूला कुणी शिवलेलं नाही. गाळली मात्र एकदा. ती मी गाळली, भर परसात, दिवसाढवळ्या, आणि बहिणीला पाहायला पाहुणे येतील त्याच दिवशी तिचा वास ऐन भरात असेल अशा बेतानं. (बेत माझा नव्हता. तो आपोआप जमला. मी न केलेले बेतच आजवर नीट जमलेले आहेत.)

बाहत्तरच्या दुष्काळाच्या आदल्या वर्षीची गोष्ट. राहात्यापासून दोन कोसांवर, कालव्याच्या कडेला आमची वस्ती. वडील, म्हणजे आण्णा, गावच्या दारूबंदी कमिटीचे अध्यक्ष. कमिटीत पाच माणसं होती, त्यातली चार अधूनमधून प्यायची, त्यामुळे सगळा भार एकट्या आण्णांवर. त्यांना दारूचा तिटकारा इतका, की तिचा वास कसा असतो हेसुद्धा त्यांना ठाऊक नव्हतं. अध्यक्षाला एवढं अज्ञान परवडत नाही, हे आम्हाला पुढं कळलं.

आण्णांना दुसरा अभिमान होता तो गोबरगॅसचा. गावातला पहिला गोबरगॅस आमचा. परसात विटांनी बांधलेली गोल विहीर, तिच्यात शेणकाला, आणि त्यावर पालथी घातलेली लोखंडी टाकी. शेण आंबलं की गॅस धरतो, गॅस धरला की टाकी वर उचलते, आणि नळीतून गॅस थेट आईच्या शेगडीला. पहिल्यांदा निळी ज्योत लागली त्या दिवशी आईनं काय करावं? स्वतःच्या हातानं चूल फोडली! तिची माती तुळशीला घातली, गोवऱ्यांची उडवी वाटून टाकली, आणि रॉकेलचं कार्ड मोठ्या मनानं मावशीला देऊन टाकलं. त्यानंतर शेजारची पार्वताकाकू डोळे पुसत चुलीपाशी बसली, की आई कुंपणावरून हटकून विचारायची, "धूर लई व्हतोय का गं?"

आता एवढं सगळं झाल्यावर माणसानं म्हशी सांभाळायला नकोत? पण आण्णांनी आमच्या दोन्ही भाकड म्हशी घोडेगावच्या बाजारात नेल्या. विचार असा, की त्या विकून दुभत्या दोन घ्यायच्या. विकल्या. दिवसभर बाजार पालथा घातला. संध्याकाळी हातात नुसती दावी घेऊन घरी आले.

"म्हशी कुठं हायेत?" आईनं विचारलं.

"एक बी मनाला आली न्हाई."

"आन् गॅस?"

आण्णा दाव्यांकडं बघत बसले. म्हशी शेणही देतात, ही गोष्ट बाजारात त्यांच्या ध्यानातच आली नव्हती. गोठ्यात राहिली एक बैलजोडी, आणि बैलांच्या शेणावर शेगडी जेमतेम चहापुरती तगायची. आणि त्याच आठवड्यात निरोप आला, की सोनईचे रंगनाथआबा पंधरा दिवसांनी, रविवारी, आमच्या सुशीला बघायला येताहेत.

रंगनाथआबा म्हणजे सोनईच्या दारूबंदीचे आण्णा. ते रस्त्यानं निघाले की तिथली माणसं बाटल्या धोतरात लपवतात, असं ऐकून होतो. असा व्याही मिळणं म्हणजे आण्णांच्या जन्माचं सार्थक! आबांचा मुलगा भाऊसाहेब, घरची बागायत, तब्येतीनं दणकट. सुशीनं त्याला एका लग्नात पाहिलं होतं. तो पंगतीत बुंदी वाढत होता आणि सुशीच्या पत्रावळीवर त्यानं तीनदा वाढली होती. हे तिनं आईला सांगितलं नाही, मला सांगितलं. सांगताना हात जोडले.

"दादा, या बारीला तू काही करू नको."

"मी काय करतो गं?"

"मागच्या पाहुण्यांच्या टायमाला इजेची घंटा कोणी बसवली हुती?"

(ती बसवली होती हे खरं आहे. तिची वायर लोखंडी खाटेला कुठंतरी चिकटली होती, हेही खरं आहे. करंट काही फार नव्हता. पण पाहुणे एकदम सगळेच उठले, आणि जे उठले ते परत बसलेच नाहीत.)

"या वेळी घंटा नाही," मी म्हणालो. "या वेळी गॅस."

सुशीनं कपाळाला हात लावला.

त्याचं असं, की मी नुकताच एका शेतकी मेळाव्याला जाऊन आलो होतो. तिथं एका साहेबांनी भाषणात सांगितलं, की नुसत्या शेणाचाच गॅस होतो असं नाही. पाण्यावर माजणारी जलपर्णी, म्हणजे आपलं केंदाळ, आंबवून त्याचाही गॅस होतो. एवढं ऐकलं आणि मी भजी खायला बाहेर गेलो. परत आलो तोवर टाळ्या चालू होत्या. मीही वाजवल्या. तो गॅस कसा करायचा, काय काळजी घ्यायची आणि काय मुळीच करायचं नाही, हे साहेबांनी नेमकं भज्यांच्या वेळेत सांगितलं असणार.

केंदाळाची आम्हाला कमी नव्हती. कालव्याच्या पाझराचं पाणी वस्तीच्या खाली साचायचं आणि त्याच्यावर केंदाळ इतकं माजलं होतं, की पाणी आहे हे नव्या माणसाला सांगावं लागायचं. वर जांभळी फुलं, खाली हातभर मुळ्या. आज उपसलं तर पंधरवड्यात जैसे थे. आण्णा त्याला शिव्या द्यायचे. त्याच केंदाळावर पाहुण्यांसाठी पुरणपोळ्या करायच्या, ही कल्पनाच अशी होती की आण्णांचे डोळे भरून आले.

"फुकटची वैरण!" ते म्हणाले.

या शब्दापाशीच मी सावध व्हायला हवं होतं. आण्णांनी जन्मभर जनावरं सांभाळलेली. त्यांच्या मनानं त्या लोखंडी टाकीला कधीच गोठ्यात घेतलं होतं. सकाळी उठून ते टाकीवर थाप मारायचे, अगदी बैलाच्या वशिंडावर मारावी तशी.

पहिल्या दिवशी आम्ही केंदाळ तसंच्या तसं शेण घालायच्या नळीत कोंबलं. नळी तुंबली. वेळूनं ढोसलं. वेळू अडकला. मग कडबाकुट्टीवर केंदाळ बारीक करायचं ठरलं, तर त्या ओल्या मुळ्या चाकाला अशा गुंडाळल्या, की कडबाकुट्टीला जटा आल्या. शेवटी मी युक्ती काढली. (हे वाक्य आमच्या घरात कुणी उच्चारलं की अजूनही बायका लेकरांना आत घेतात.) गावातली आठ माणसं बोलावून टाकीच वर उचलली, गाडीभर केंदाळ सरळ विहिरीत लोटलं, आणि वर टाकी ठेवून दिली.

टाकी ठेवली, पण बसेना. खाली केंदाळाची गादी. ती पाण्यावर तरंगणारी वनस्पती आहे, ती शेणकाल्यात बुडेल असं मला का वाटलं, हे मला आजही सांगता येणार नाही. टाकी एका अंगाला कलली आणि तशीच रुतून राहिली. दोन दिवस झाले, चार दिवस झाले. गॅसचा पत्ता नाही. तोवर आई मावशीकडून उसन्या आणलेल्या स्टोवर भागवत होती, पण त्यातलं रॉकेल जेमतेम शनिवारपर्यंत पुरणार होतं.

आण्णांनी टाकीला कान लावला.

"मधू, हिनं रवंथ सोडलंय."

"आण्णा, ती टाकी आहे."

"टाकी असू दे. पोटात अन्न पडून हाय न् ती खाईना. एका कुशीवर कललीय. आफरा झालाय हिला."

आणि त्यांनी खरोखर गोडं तेल आणि हिंग कालवून नळीतून पाजलं! मी विज्ञान शिकलेला मनुष्य. मी अडवायला हवं होतं. पण रविवार जवळ येत चालला होता, आणि मला मनातून वाटलं, न जाणो, उतार पडेल.

पडला नाही. तेव्हा आण्णा म्हणाले, "जनावर कडबा खाईना तर आपन काय करतो?"

"गुळाचं पाणी शिंपडतो."

"मंग?"

आता इथं गुळाविषयी सांगितलं पाहिजे. आदल्या पावसाळ्यात आमच्या गुऱ्हाळाच्या पंधरा-वीस ढेपा भिजून पाघळल्या आणि काळ्या पडल्या होत्या. असा काळा गूळ खायला कुणी घेत नाही. घेणारे गिऱ्हाईक एकच, हातभट्टीवाले. ते दोनदा येऊन गेले होते, आणि आण्णांनी त्यांना दोन्ही वेळा काठी घेऊन कालव्यापर्यंत पोचवलं होतं. गूळ वाईट हातात जाऊ नये म्हणून त्यांनी तो कोठीत कुलपात ठेवला होता आणि किल्ली जानव्याला बांधावी तशी करदोट्याला बांधली होती. सगळ्या गावाला हे ठाऊक. त्या गुळाला आज अखेर एक चांगलं काम मिळालं, म्हणून आण्णांनी स्वतःच्या हातानं कुलूप काढलं.

मीही हरकत घेतली नाही. आंबवायचंच आहे ना? मग गुळानं आंबेल की! आमच्या भागात आंबवायला गुळाइतकं खात्रीचं काही नाही, हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. ते कशाकरता माहीत आहे, हा विचार मात्र आम्हा दोघांच्याही डोक्यात आला नाही. गरम पाण्यात ढेपा विरघळवल्या आणि घागरीमागून घागर नळीत ओतली. गाव कुंपणाशी उभं राहून बघत होतं. कुणी एक अक्षर बोललं नाही. दारूबंदीचे अध्यक्ष भर उन्हात काळा गूळ भिजत घालताहेत म्हटल्यावर लोक तरी काय बोलणार?

दुसऱ्याच दिवशी टाकी हलली. तिसऱ्या दिवशी वीतभर वर आली. शनिवारी तर ती विहिरीच्या काठाच्या वर येऊन, तिरपीच का होईना, अशी डौलात उभी राहिली, की आण्णांनी तिला हळदकुंकू वाहिलं. आईनं हरभऱ्याची डाळ भिजत घातली.

"बघ," मी सुशीला म्हणालो. "म्हणत होतीस ना, काही करू नको?"

"पेटवून बघितला का?"

मी शेगडीची चावी सोडली आणि काडी धरली. काडी विझली. दुसरी धरली. विझली. आजवर आगीला वारा विझवतो, पाणी विझवतं. आमच्या घरात आग गॅसनं विझत होती! (गूळ आंबला की निघतो तो गॅस पेटत नाही, उलट आग विझवतो, हे मला फार पुढं कळलं.)

"सुरुवातीला हवा मिसळलेली असते," मी म्हणालो. "उद्यापर्यंत पेटेल."

सुशी परसात गेली, टाकीजवळ उभी राहून तिनं नाक वर केलं, आणि परत येऊन म्हणाली, "दादा, वास कसला येतोय?"

वास मलाही येत होता. आंबूस, गोडसर, जरा उग्र. (नगरला कॉलेजात असताना एका मित्राच्या खोलीत असा वास येत असे. मी तिथं फक्त अभ्यासाला जायचो.) मी आण्णांना विचारलं. आण्णांनी छाती भरून श्वास घेतला आणि म्हणाले, "फनस पिकल्यावानी येतोय. चांगलाय."

त्या संध्याकाळी गावातला बबन आला. बबन म्हणजे आमच्या दारूबंदी कमिटीचं मुख्य काम. आण्णांनी त्याला आजवर किती वेळा शपथ घातली असेल याची गणती नाही. तो परसाच्या दारात उभा राहिला, डोळे मिटून दोन-तीनदा श्वास घेतला, आणि एकदम आण्णांच्या पायावर आडवा झाला.

"आण्णा! मला ठावं हुतं, एक ना एक दिस तुमाला आमची दया यील!"

बबनला पश्चात्ताप झाला असं वाटून आण्णा गहिवरले. "उठ लेका. उद्या जेवायला ये. पाहुणे येनार हायेत, त्यांच्या म्होरं सांग सगळं."

"पाहुण्यांना बी?" बबन भारावून गेला. "लई मोटं मन तुमचं."

रविवारी सकाळी गॅस पेटला नाही. आईला हे कळलं तेव्हा डाळ शिजवायची होती, पाहुणे राहात्याला यष्टीतून उतरले होते, आणि आमची बैलगाडी त्यांना आणायला गेली होती. आई शेगडीकडं बघत राहिली, मग ज्या कोपऱ्यात चूल होती त्या कोपऱ्याकडं, मग माझ्याकडं.

"पार्वताकाकूंच्या चुलीवर..." मी सुचवलं.

"तिच्या दारात जाऊ? म्या? धुरावरनं बोलले तिला वरीसभर. त्यापरीस पाहुण्यांना भिजली डाळ वाढीन!"

"आई, तू शालू नेस न् पाहुण्यांचं बघ," सुशी म्हणाली, "सैपाकाचं मी बघते." आणि पदर खोचून डाळीची परात घेऊन ती गोठ्याच्या मागं गेली. ती तिथं काय करणार आहे हे विचारायला मला वेळ नव्हता. मला गॅस पेटवायचा होता.

पाहुणे आले. पांढरंशुभ्र धोतर, फेटा, काठी, असे रंगनाथआबा. मागं भाऊसाहेब आणि त्याचा मामा. आबा उंबऱ्यातच थबकले. त्यांनी नाक वर केलं. चाळीस वर्षं ज्या वासामागं काठी घेऊन धावले, तो वास दारूबंदीच्या अध्यक्षाच्या घरातून येतोय, यावर त्यांचा विश्वास बसेना. त्यांनी मामाकडं बघितलं. मामांनी खाली बघितलं. (मामांना वासाची चांगलीच ओळख असावी.)

"आण्णासाहेब, शेजार कसाय तुमचा?"

"लई चांगला. का हो?"

"न्हाई, वास येतोय."

"त्यो आमचाच!" आण्णा अभिमानानं म्हणाले. "चला, दावतो की. ह्या पोरानं केंदाळापासून केलंय समदं. काळा गूळ मातूर माझा."

आबांनी हातातली काठी घट्ट धरली.

आम्ही परसात आलो, आणि पाहतो तो टाकीपाशी बबन बसलेला. धुतलेला सदरा, कपाळाला गंध, हातात पितळी तांब्या. आण्णांनी सांगितल्याप्रमाणं जेवायला आला होता. त्यानं पाहुण्यांना रामराम घातला आणि खालच्या आवाजात विचारलं, "मालक, पहिल्या धारेची कवा निघंल?"

कुणी काही बोलायच्या आत परसाच्या दारातून हवालदार आले. राहात्याला कुणीतरी वर्दी दिली होती, की अध्यक्षांनी स्वतःची भट्टी घातलीय आणि ती चांगली मोठी आहे. हवालदार आण्णांना ओळखत होते. कमिटीच्या सभेत त्यांच्या शेजारी बसायचे. त्यांना बिचाऱ्यांना जास्तच अवघडल्यासारखं झालं होतं.

"आण्णा, हे काय ऐकतोय?"

आण्णांना तेव्हा उमगलं. एकदम सगळं. त्यांनी त्या टाकीकडं बघितलं, हळदकुंकवाकडं बघितलं, तांब्याकडं बघितलं. सुशी गोठ्याच्या आडून डोकावून बघत होती. तिच्या हातात लाटणं होतं आणि डोळ्यांत पाणी. ते धुरानं आलेलं असावं अशी मी स्वतःची समजूत घातली. त्या क्षणी मात्र मला गलबलून आलं. ठरवलं, की आता काही झालं तरी ही सोयरीक मोडू द्यायची नाही. म्हणजे पुढं जे झालं ते पूर्ण शुद्ध हेतूनं झालं.

"हवालदार, ही भट्टी नाही, गोबरगॅस आहे," मी म्हणालो. "आत्ता पेटवून दाखवतो."

टाकीजवळच्या नळीची चावी सोडली, काडी ओढली. विझली. हवालदारांनी आपली काडेपेटी दिली. तिच्यातल्याही काड्या विझल्या. भाऊसाहेबानं एक काडी ओढून बघितली. ती विझल्यावर तो खो खो हसला. तो त्या दिवशी एकटाच हसत होता आणि अगदी मनापासून हसत होता.

"दाब कमी पडतोय," मी म्हणालो. "टाकीवर वजन पाहिजे."

"धोंडा ठेवू का?" बबन म्हणाला.

"धोंडा कशाला? मी बसतो."

मी टाकीवर चढलो. टाकी हलेना. केंदाळाच्या गादीत पक्की रुतलेली. मी बसल्या बसल्या अंग हलवलं. मग उभा राहिलो. मग, आजही अंगावर काटा येतो, मी दोन्ही पायांनी उडी मारली.

खालची गादी फाटली. रुतलेली टाकी सुटली आणि मला घेऊन सरळ खाली गेली. इतके दिवस कोंडलेला गॅस चारी बाजूंनी असा बाहेर आला, की पार्वताकाकूंची कोंबडी छपरावर गेली. त्याच्याबरोबर काळा गूळ, कुजलं केंदाळ, शेण, गोडं तेल आणि हिंग यांचा जो काही काला झाला होता, तो टाकीच्या कडेकडेनं कारंजासारखा उसळला आणि उपस्थितांवर सारखाच वाटला गेला. आबांच्या फेट्यावर एक जांभळं फूल येऊन बसलं.

हवालदारांनी आपल्या बाहीचा वास घेतला.

"आता तर मुद्देमाल माझ्याच अंगावर हाय," ते म्हणाले. "आण्णा, ही दारू न्हाई हे सिद्ध कसं करायचं?"

"पिऊन बघा," मी म्हणालो.

"मी ड्युटीवर हाय. तुमी प्या."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. सुशीसुद्धा. मी बबनच्या हातातला तांब्या घेतला, विहिरीत बुडवला, आणि डोळे मिटून दोन घोट घेतले. चव कशी होती हे मी इथं लिहिणार नाही. वाचक जेवून बसलेले असतील. एवढंच सांगतो, की ते दोन घोट मी जेवढ्या वेळात घेतले त्याच्या निम्म्या वेळात परत केले.

"हे घरचंच मानूस," हवालदार म्हणाले. "पंच बाहेरचा लागंल. जानकार."

बबन शांतपणे पुढं आला. तांब्या घेतला. आधी हुंगलं, मग बोट बुडवून जिभेला लावलं, जरा विचार केला आणि थुंकला. त्याचा चेहरा एवढा दुःखी मी कधी पाहिला नव्हता.

"सायब, ही दारू न्हाई. घात झालाय. एवढा चांगला गूळ, न् त्याच्यात शेन घातलंय हो ह्या मानसानं!"

"नक्की?"

"भट्टीवाले बी काय काय घालत्यात, पर हे लई झालं. अशी दारू असती तर आण्णांची कमिटीच लागली नसती, आमी आपापलीच सोडली असती."

हवालदारांनी समाधानानं मान हलवली आणि कालव्यावर अंघोळीला गेले. पण आण्णा जागचे हलले नाहीत. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, ती भिजलेलीच होती, आणि आबांसमोर उभे राहिले.

"आबा, गूळ म्या वतला. माझ्या हातानं. दारू नसंल, पर गावाला वास आला, त्यो माझ्या घरनं आला. सोयरिकीचं तुमी मनावर घिऊ नका. पर एक सांगतो, पोरीचा ह्याच्यात काडीचा दोष न्हाई. दोष असलाच तर ह्याचा." हे म्हणताना त्यांनी माझ्याकडं बघितलंही नाही, नुसता अंगठा केला.

आबांनी फेट्यावरचं फूल काढून त्याच्याकडं निरखून बघितलं.

तेवढ्यात गोठ्याकडून सुशीचा आवाज आला. "आंघोळीचं पानी तापलंय. आंगं धुवा न् जेवायला बसा. पोळ्या गार हुतील."

"पोळ्या?" आबा म्हणाले. "गॅस तर पेटना, मंग केल्या कशावर?"

आम्ही गोठ्यामागं गेलो. सुशीनं तीन धोंडे मांडले होते. जाळ उसाच्या पाचटाचा आणि तुराट्यांचा. एका बाजूला पुरणपोळ्यांची चळत, कटाची आमटी, भात, कुरडया. दुसऱ्या तीन धोंड्यांवर अंघोळीचं पाणी, कारण मी टाकीवर चढतोय हे बघितल्याबरोबर तिनं हंडा चढवला होता.

पाहुणे अंघोळी करून माझे आणि आण्णांचे कपडे घालून जेवायला बसले. भाऊसाहेब माझ्या सदऱ्यात मावला नाही. पाठीवर सदरा उसवला तशी सुशी हसली आणि तिनं त्याच्या ताटात न विचारता तिसरी पोळी वाढली. आबा मुकाट्यानं जेवले. चूळ भरली, सुपारी तोंडात टाकली, आणि मग बोलले.

"आण्णासाहेब, पोरी लई बघितल्या. सैपाक समद्यांलाच येतो. पर घरात हवालदार, परसात कारंजं, भाऊ टाकीवर, न् ही पोरगी धोंड्यावर पोळ्या लाटतीया. हिला आमच्या घरात कशाचं भ्या वाटायचं न्हाई. आमाला पसंत हाय."

आईनं डोळ्याला पदर लावला. आण्णांनी टोपी परत डोक्यावर ठेवली. सुशी आत पळाली.

"देन्याघेन्याचं..." आण्णांनी सुरू केलं.

"काय नको. एकच अट हाय." आबांनी माझ्याकडं काठी केली. "भाऊबीजंला ह्ये आमच्याकडं आले तर रिकाम्या हातानं येतील. कंचंबी ज्ञान संगं आणायचं न्हाई."

लग्न उन्हाळ्यात आमच्या दारात झालं. विधी चालले होते. कानपिळीची वेळ आली. नवरीच्या भावानं नवरदेवाचा कान पिळायचा आणि माझ्या बहिणीला नीट सांभाळ म्हणून बजावायचं, ही आपली जुनी रीत. मी नवा फेटा सावरत पुढं झालो, तर रंगनाथआबा मध्ये आले.

"थांबा. ह्या लग्नात उलटं."

भटजी म्हणाले, "शास्त्रात तसं नाही."

"शास्त्र लिवनाऱ्यानं ह्यो भाऊ कुठं बघितला हुता?" आबा म्हणाले, आणि भटजींना ते पटलं.

भाऊसाहेबानं माझा कान धरला आणि बैलाचं शिंग धरावं तसा पिळला. मांडवातल्या मंडळींना ती रीत इतकी आवडली, की आमच्या भावकीत आता बऱ्याच लग्नांत कान नवरीच्या भावाचाच पिळतात. बाहेरगावचे लोक कौतुकानं विचारतात, ही एवढी जुनी चाल कुणाच्या वेळेपासनं आहे? म्हातारा माणूस म्हणून सगळे माझ्याकडं बघतात. मी म्हणतो, "फार पूर्वीपासून असावी," आणि सवयीनं डावा कान चोळतो.